बेळगाव ग्रामीणमधून अपक्ष अर्ज: छाननीत कुठे अडतं?

प्रश्न (शिवारवाट): विधानसभेला पक्षाशिवाय उभं राहायचं असेल तर अनामतीशिवाय काय काय लागतं? नाव महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मतदारयादीत असेल तर चालतं काय?

कंग्राळीकर: चंदगडचं नाव विधानसभेला चालत नाही बघा. उमेदवार कर्नाटकातलाच मतदार हवा. लोकसभेला चालतं. नाव कर्नाटकातल्याच खानापूरच्या यादीत असेल तर तिथल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडायची. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००.

हलगेकर: खरी गोची सूचकांची, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणाऱ्या मतदारांची. मान्यताप्राप्त पक्षाला १ पुरतो, अपक्षाला १०, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे. काकती गाव बेळगाव शहराला लागून असलं तरी यमकनमर्डी मतदारसंघात येतं. तिथली सही बाद, उरले ९, अर्ज गेला! म्हणून ४ अर्जांची मुभा आहे ती वापरा, वेगवेगळे सूचक घालून. अंगठा उठवणारा सूचक असेल तर त्याला निवडणूक अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं, घरी उठवलेला अंगठा चालत नाही.

हे १० सूचक आले कुठून? १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते, अनामत फक्त ५०० रुपये. त्याच वर्षी कायदा कडक झाला.

कंग्राळीकर: फॉर्म २६ मध्ये (मालमत्ता, गुन्हे यांचं शपथपत्र) एकही रकाना कोरा नको, 'निरंक' लिहा. खर्चाचं बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडा. आणि राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ! ती अर्ज दिल्यानंतर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. अर्ज देण्याची वेळ ११ ते ३. दुपारी अडीचला पळत जाऊ नका.