मदत हवी आहे: अरुशाच्या न्यायालयाकडे सल्लागारी मत नेमकं कोण मागू शकतं?

मंडळी, एलएलएमच्या सेमिनारसाठी टांझानियातल्या अरुशा इथल्या आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयावर लिहितेय आणि ते स्थापन करणाऱ्या प्रोटोकॉलच्या (करारनाम्याच्या) कलम 4 पाशी गाडी अडलीय. सल्लागारी मत (कायद्याच्या प्रश्नावर न्यायालयाचं बंधनकारक नसलेलं मत) आफ्रिकी संघाचे (आफ्रिकन युनियनचे) सदस्य देश, खुद्द संघ, त्याची अंगं किंवा संघाने ‘मान्यता दिलेली आफ्रिकी संघटना’ मागू शकते. नायजेरियाच्या सेराप या स्वयंसेवी संस्थेला आफ्रिकी मानवाधिकार आयोगाचा निरीक्षक दर्जा होता, तरी 2017 मध्ये न्यायालयाने दार लावलं: मान्यता खुद्द संघाचीच हवी! (मला तरी हे फार ताणलेलं वाटतं.) पॅन आफ्रिकन लॉयर्स युनियनचा मात्र संघाशी सामंजस्य करार, म्हणून तिला 2020 मध्ये भटकेपणाविरोधी कायद्यांवर मत मिळालं. असा करार असलेल्या इतर संस्थांची यादी कुठे मिळेल? आणि सेराप निर्णयावरची चांगली टीका कुणी वाचलीय का?