मदत हवी आहे: जुन्या घराच्या लाकडी फ्लोअरवर इलेक्ट्रिक अंडरफ्लोअर हीटिंग टाकावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घर जुनं व्हिक्टोरियन टेरेस आहे, विटांचं, आणि खालच्या मजल्याला काँक्रीट नाहीये, जॉइस्टवर (आडव्या लाकडी तुळयांवर) ठोकलेल्या लाकडी फळ्या आहेत आणि त्याखाली पोकळी. डिसेंबरात आई-बाबा नाशिकहून येतायत, चार महिने राहतील. गेल्या हिवाळ्यात आले होते तेव्हा आईचे फार हाल झाले. तिला सोफ्यावर बसून करमत नाही, भाजी निवडणं, जप, नातीशी पत्ते खेळणं, सगळं तिला खाली मांडी घालूनच लागतं आणि आमच्या पुढच्या खोलीतली जमीन इतकी गार की दोन गोधड्या घातल्या तरी खालून गारवा यायचा, गुडघे आखडायचे, शेवटी शेवटी ती दिवसभर वर बेडवरच बसून राहायला लागली. ते बघून मला फार वाईट वाटायचं. रेडिएटर चालू असायचा, भिंतीवरचा थर्मोस्टॅट १९-२० डिग्री दाखवायचा, पण पायाशी गारच.

म्हणून यंदा ते यायच्या आधी या एका खोलीत तरी इलेक्ट्रिक अंडरफ्लोअर हीटिंग टाकायचं मनात आहे. खोली साधारण ३.६ बाय ३.४ मीटर, सोफा, कपाट आणि देवघराची जागा सोडली तर ८ चौरस मीटर मोकळी राहते. दोन माणसांना बोलावून दाखवलं. पहिला म्हणाला काही नाही, आहे त्या फळ्यांवर सरळ हीटिंग मॅट पसरू, वरून लॅमिनेट टाकू, दोन दिवसांचं काम. दुसरा म्हणतोय फळ्या-जॉइस्ट सगळं काढून टाका आणि काँक्रीट ओता, त्याशिवाय उपयोग नाही, आणि त्याने जो आकडा सांगितला तो आमच्या आवाक्यातला नाही. दोघांच्या बोलण्यात इतका फरक आहे की आता कोणावर विश्वास ठेवावा तेच कळेना. खिडकीपाशी एक फळी उचलून पाहिली तर खाली ४ इंची जॉइस्ट, इन्सुलेशन अजिबात नाही, आणि बाहेरच्या भिंतीतल्या एअर ब्रिकमधून (भोकं असलेल्या विटांमधून) गार हवा सरळ आत येतेय. ते एअर ब्रिक बुजवून टाकले तर चालेल का? आणि वीज किती खाईल, वर कुठलं फ्लोअरिंग घ्यावं, लाकूड तापून वाकडं होतं का, आणि मुख्य म्हणजे त्यावर आई गोधडी घालून बसली तर चालतं का? कोणी स्वतःच्या घरात केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी हे सांगते, एअर ब्रिक कृपा करून बुजवू नका! ती हवा तिथे मुद्दाम खेळती ठेवलेली असते, ती बंद झाली की खालचा ओलावा कोंडून जॉइस्टची टोकं कुजायला लागतात. आमच्या शेजारच्या घरात आधीच्या मालकाने बुजवले होते, नव्या मालकाला अख्ख्या खोलीचे जॉइस्ट बदलावे लागले.

हवा खाली फिरू दे, तुमच्या खोलीत यायला नको, एवढं साधायचंय. एक करून बघा. वारा असेल त्या दिवशी एक उदबत्ती लावून स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) कडेकडेने आणि फळ्यांच्या फटींवरून हळूहळू फिरवा, धूर कुठे आडवा पळतो ते बघा. मला वाटतं तुमचा अर्धा गारवा तिथूनच येतोय आणि तो तसाच ठेवून वर मॅट टाकली तर निम्मी वीज खालच्या पोकळीला तापवण्यात जाईल. पहिल्या माणसाचं ऐकू नका. पण दुसऱ्याचंही नको, काँक्रीटची काही गरज नाही. फळ्या उचलायच्या, जॉइस्टवरून जाळी झोळीसारखी सोडायची, तिच्यात १०० मिमी मिनरल वूल (कापसासारखं इन्सुलेशन) भरायची, वरून एअरटाइट मेम्ब्रेन (हवा अडवणारा पातळ पडदा) भिंतीपर्यंत टेप करून घ्यायची आणि त्याच फळ्या परत ठोकायच्या. आम्ही तेवढंच केलंय, हीटिंग टाकलंच नाही, आणि तरीही फरक पहिल्याच रात्री जाणवला. पोकळीतून पाण्याचे पाइप जात असतील तर त्यांना मात्र लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) करून घ्या कारण आता खाली जास्त गार होणार. जुनी वायरिंग वूलमध्ये गाडली जात असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा, वायरला उष्णता बाहेर सोडायला जागा लागते.

प्रतिसाद

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी आमच्या बैठकीत इन्सुलेशन करून मग हीटिंग टाकलं त्याला तीन हिवाळे झाले.

लाकडी फ्लोअरिंगखाली टाइलवाली जाळीची मॅट घेऊ नका, ती अॅडहेसिव्हमध्ये किंवा लेव्हलिंग कंपाउंडमध्ये गाडायची असते. लॅमिनेट किंवा इंजिनियर्ड वुडखाली फॉइलवाला हीटर येतो. फळ्यांवर ६ मिमीचे इन्सुलेशन बोर्ड, त्यावर फॉइल, त्यावर इंजिनियर्ड वुड. सॉलिड वुड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, त्यात खालून उष्णता मिळाली की फटी पडतात. इंजिनियर्डमध्ये आडवे-उभे थर असल्याने ते स्थिर राहतं. त्याचे बॉक्स आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवा आणि सुरुवातीला एकदम फुल करू नका, रोज एक-दोन डिग्रीने वाढवा. लाकडाच्या पृष्ठभागाला २७ डिग्रीची मर्यादा असते, ती थर्मोस्टॅटमध्ये सेट करून ठेवायची.

खर्चाचं गणित असं की १५० वॉट प्रति चौरस मीटरने ८ चौरस मीटरला १२०० वॉट. चार तास सलग चाललं तर ४.८ युनिट, युनिटला २५ पेन्स धरले तर १ पाउंड २० पेन्स. इन्सुलेशन चांगलं असेल तर ते सारखं चालू राहत नाही, मधेमधे बंद होतं. पण गॅसपेक्षा वीज इथे जवळजवळ चौपट महाग आहे तेव्हा रेडिएटर काढू नका, खोली त्याने तापवा आणि आई खाली बसतील त्या वेळेपुरतं हे लावा. गरम व्हायला वेळ लागतो, तासभर आधी टायमर लावून ठेवायचा.

आणि एक कळकळीची विनंती, मॅट टाकण्याआधी, टाकल्यावर आणि वरचं फ्लोअरिंग झाल्यावर असं तीन वेळा मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून आकडे लिहून ठेवायला सांगा. आमच्याकडे दुसऱ्या मोजणीत आकडा चुकला, बघतो तर केबलला कटरचा ओरखडा. वेळेत कळलं म्हणून वाचलो.

धागाकर्ती

खूप खूप आभार! उदबत्ती आजच फिरवली. स्कर्टिंगखाली दोन ठिकाणी धूर अक्षरशः आडवा झाला आणि चिमणीच्या बाजूच्या कोपऱ्यात तर उदबत्तीचं टोक लालभडक व्हायला लागलं, एवढी हवा. आईची बसायची जागा नेमकी तिथेच होती. आधी इन्सुलेशनच करतो. पण गोधडीचं काय?

प्रतिसाद

मी इथे इलेक्ट्रिकलचंच काम करतो म्हणून लिहितोय. गोधडी, सतरंजी, जाड गालिचा, गादी यांच्याखाली उष्णता कोंडते आणि तेवढाच भाग बाकीच्यापेक्षा जास्त तापतो. दोन गोधड्या नकोतच. जमीन कोमट असली की त्यांची गरजही पडणार नाही, एखादी पातळ चटई पुरे, आणि उठल्यावर ती गुंडाळून ठेवायची सवय लावा. सोफ्याला पाय असलेला बरा, खालून हवा फिरते. देवघर सपाट बैठकीचं असेल तर त्याखाली हीटर नकोच.

फ्लोअर सेन्सर आई बसतात त्या जागेखाली बसवायला सांगा. चटईखालची जागा सगळ्यात आधी तापते, तिथला आकडा बघून थर्मोस्टॅट बंद झाला की भाजायची भीती नाही. बाकीची खोली थोडी कमी तापेल, पण तुम्हाला ती रेडिएटरने तापवायचीच आहे. सेन्सर कॉन्ड्यूटमधून (पातळ नळीतून) घ्या म्हणजे बिघडला तर फ्लोअर न उखडता बदलता येतो. बाबांना किंवा आईंना शुगर असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर मर्यादा २७ च्या पण खाली ठेवा, त्यांना चटका वेळेवर कळत नाही.

१२०० वॉट म्हणजे साधारण ५ अँपियर, फ्यूज्ड स्परवर (आहे त्या सर्किटवरून फ्यूज लावून घेतलेल्या जोडणीवर) आरामात चालतं, पण ३० मिलीअँपियरची आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. नवीन सर्किट ओढलं तर पार्ट पी (इथल्या बांधकाम नियमांतला घरगुती विजेचा भाग) खाली नोटिफाय करावं लागतं, तेव्हा रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियनच घ्या आणि सर्टिफिकेट मागून घ्या.

धागाकर्ती

बाबांना शुगर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. मर्यादा २५ ला ठेवते.

एक हिशोब मी पण केला. ६ मिमी बोर्ड, फॉइल आणि १४ मिमीचं इंजिनियर्ड वुड म्हणजे जमीन दोन सेंटिमीटरच्या वर उचलली जाणार. दार खालून तासावं लागेल ते ठीक, पण पॅसेजमधून आत येताना उंबऱ्यासारखी पायरी होईल आणि आई रात्री पाण्याला उठते तेव्हा लाइट लावत नाही. तिथे उतरती पट्टी मिळते असं दुकानात सांगितलं, लांब उताराची बघून ठेवलीय. पुढच्या शनिवारी फळ्या उचलायला घेतो, जॉइस्टची टोकं कशी निघतात त्याचे फोटो इथेच टाकते, कोणी जाणकारांनी जरा बघून सांगा.