ब्राउझरमधून रिमोट: ३३८९ उघडू नका

दूरचं मशीन ब्राउझरमधून कसं चालवायचं, या प्रश्नावर एकांनी सुचवलंय की राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे आरडीपीचा) उघडला की काम झालं. कृपया नको! अपाची ग्वाकामोलीसारख्या गेटवेचा (दूरची मशीन्स ब्राउझरमध्ये दाखवणारा मधला सर्व्हर) फायदाच हा की बाहेरून फक्त ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट) दिसतो. आरडीपी, व्हीएनसी, एसएसएच हे दूरच्या मशीनला जोडण्याचे सगळे प्रोटोकॉल आतल्या नेटवर्कवर ग्वाक-डी ही सेवा सांभाळते. बसवल्या बसवल्या ग्वाकअ‍ॅडमिन हे मूळ खातं काढून टाका (पासवर्डही तोच असतो, जगाला पाठ आहे). आधी नवं अ‍ॅडमिन खातं करा मात्र, नाहीतर तुम्हीच बाहेर. टीओटीपी (लॉगिनला पासवर्डखेरीज लागणारा, सतत बदलणारा कोड) हवंच.

मशीन्स वेगवेगळ्या नेटवर्कवर विखुरलेली असतील तर मेशसेंट्रल हे रिमोट सॉफ्टवेअर बरं, त्याचा एजंट (प्रत्येक मशीनवर बसवायचा छोटा प्रोग्राम) स्वतःहून सर्व्हरला जोडला जातो.

रोजची कटकट कीबोर्डची. पलीकडचा टॅब मिटवायला कंट्रोल-डब्ल्यू दाबावं, तर इकडचाच मिटतो. ग्वाकामोलीत कंट्रोल-अल्ट-शिफ्ट दाबलं की बाजूला मेनू येतो; क्लिपबोर्ड आणि ऑन-स्क्रीन कीबोर्ड तिथेच आहेत.

आणि टॅब मिटला म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. विंडोज सर्व्हरवर आरडीपी सेशन तसंच लटकत राहतं, मेमरी खातं. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची सेटिंग्ज) डिस्कनेक्टेड सेशनला वेळमर्यादा घालून ठेवा.