बहुशर्करा म्हणजे भरपूर साखर का?

पानवेल: अळंबीच्या पावडरीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय, रेशी, शिताके, टर्की टेल असली मंडळी आहेत त्यात. वाक्य साधंच आहे, यातली पॉलीसॅकराइड्स आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांना खाद्य पुरवतात. मी लिहिलं "यातील बहुशर्करा आतड्यातील जंतूंचे पोषण करतात". बाबांना वाचायला दिलं, त्यांना डायबेटिस, ते म्हणाले भरपूर साखर असेल तर मला नको, आणि जंतांना कशाला पोसायचं, त्यांच्यासाठी गोळी असते की. काय लिहू?

अर्धा_चमचा: जंतू तर आधी काढाच, जिवाणू करा. बाकी बाबांचं चूक नाही. बहुगुणी, बहुमोल ऐकलेल्या कानाला बहु म्हणजे पुष्कळच. इथे अर्थ आहे साखरेचे खूप रेणू जोडून झालेली साखळी. बटाट्यातला स्टार्च पण तीच जात, पण तो पचतो आणि त्याची साखर होते. अळंबीतल्या बीटा ग्लुकॅन या बहुशर्करेचे दुवे आपल्या पाचक एन्झाइम्सना तुटत नाहीत, ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, मग तिथले जिवाणू ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं करतात, आणि ब्युटिरेटवर तर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. म्हणून साखर शब्द टाळा. "न पचणारे तंतू" लिहून मोकळ्या व्हा.

खडीसाखर: का टाळायचा? सॅकराइड हा आपलाच शब्द आहे, शर्करा गेली ग्रीकांकडे, सॅकरॉन झाली आणि फिरून आली. बाकी शर्करेचा जुना अर्थ खडे, वाळू. सुश्रुतात लघवीतून पडणाऱ्या खड्यांनाही शर्कराच म्हटलंय. तेव्हा बाबांना सांगा, साखर नाही हो, मूतखडे आहेत :))

पानवेल: हसा तुम्ही, मला मंगळवारी द्यायचंय. तंतू लिहिलं होतं आधी, तर संपादक म्हणतात यातलं काही पाण्यात विरघळतं मग तंतू कसला.

अर्धा_चमचा: ईसबगोल काय आहे मग? त्यातला बराचसा विरघळणाराच तंतू.

वाटसरू: चोथा? आमची आजी म्हणायची चोथा पोटात गेला पाहिजे तर कोठा साफ राहतो. आतड्यापेक्षा कोठा शब्द किती छान आहे, हलका कोठा, जड कोठा. "कोठ्यातले जिवाणू" म्हणा, लोकांना लगेच कळेल.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे कोठा म्हणजे गुरं बांधायची जागा. कोठ्यातले जिवाणू म्हटलं तर लोक ढोरांच्या डॉक्टरला फोन लावतील ना भाऊ. आणि चोथा म्हणजे रस काढून फेकून द्यायचं ते, तो कोण विकत घेईल.

तिसरा_मजला: संज्ञेवर एवढा कीस, पण "पुरवतात" या क्रियापदाकडे कुणी बघितलं का? टर्की टेलच्या अर्कावर २०१४ मध्ये २४ निरोगी माणसांवर एक चाचणी छापून आली, आतड्यातल्या जिवाणूंत बदल दिसले, पण २४च माणसं. रेशीचं २०१५ चं गाजलेलं काम उंदरांवरचं, त्यांचं वजन कमी वाढलं, जिवाणूंचं प्रमाण बदललं. जपानने टर्की टेलपासूनचं क्रेस्टिन हे औषध १९७७ ला आणि शिताकेतलं लेंटिनान १९८५ ला मान्य केलं हे खरं, पण ते कॅन्सरच्या उपचाराला जोड म्हणून, आणि लेंटिनान तर इंजेक्शनने. आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य पुरवण्याशी त्या मान्यतेचा संबंध नाही. पत्रकवाले हे सगळं एका पातेल्यात ढवळतात. "पुरवू शकतात" लिहा, उगाच पाप नको.

पानवेल: ते मूळ मजकुरातच ठासून लिहिलंय. मी भाषांतर करते, संशोधन नाही.

शुद्धमती: मला एक खटकलं, सगळी नावं परकी का? टर्की टेल काय, शिताके काय. मराठीत प्रतिशब्द घडवलेच पाहिजेत, नाहीतर

वऱ्हाडी_ठेचा: घडवा की, टर्की टेलला "टर्कीशेपूट अळंबी". टर्की कुणी पाहिलाय इथे? आणि अळंबी हा शब्द तरी सगळ्यांचा कुठंय, आमच्या सात्या, टेकोडे.

मांडवी_किनारा: गोव्यात अळमी, ती पण पावसात वारुळावर येते ती. प्लास्टिकच्या डबीतलं पांढरं बटण ते मशरूम, त्याला अळमी म्हणायला जीभच उठत नाही. आणि औषधी अळंबी आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं, फणसांबा विसरलात? फणसाच्या खोडावर येतो, लाकडासारखा कडक, उगाळून हिरड्यांना लावतात, तोंडातून लाळ फार गळत असेल तर त्यालाही. रेशीसारखाच झाडावरचा.

वाटसरू: फणसांबा? आम्ही फणसआळंबं म्हणायचो, आंबा कुठून आला त्यात?

मांडवी_किनारा: आंबा नाहीच तो, आळंबंच झिजून आंबा झालंय.

खडीसाखर: इतकं सोपं नसतं ते. मधला ळ कुठे गेला ते सांगा आधी.

पानवेल: लोकहो, बहुशर्करा?

मांडवी_किनारा: ळ गिळला. कोकणात गिळतात.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडं ळ चा य होते, गिळत नाही कोणी.