गास्केट बदललं तरी दाराखालून पाणी

दाराचं रबर (गास्केट) नवीन बसवूनही डिशवॉशर गळतोय म्हणता, तर लगेच दुसरं रबर मागवू नका. आधी गळती नेमकी कधी सुरू होते ते बघा. प्लग काढून, नळ बंद करून खालची पट्टी काढा, आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि मग नळ-प्लग पुन्हा सुरू करून मशीन लावा. पाणी भरतानाच कागद भिजला तर इनलेट पाइपचा जोड तपासा. शेवटी, पाणी उपसताना भिजला तर ड्रेन पाइप किंवा त्याची क्लिप.

मधेच, धुणं चालू असताना दाराच्या खालच्या कोपऱ्यातून येत असेल, तर माझा संशय भांड्यांवर पाणी फवारणाऱ्या खालच्या फिरत्या पंख्यावर आहे. तो काढून त्याची शिवण बोटाने चाचपा. तिथे बारीक चीर असली की पाण्याची धार थेट दारावर बसते, आणि कितीही चांगलं रबर ती अडवू शकत नाही.

मशीन पुढे कललेलं नाही ना, तेही बघाच. आणि हाताने भांडी घासायचं लिक्विड त्यात कधीही घालू नका, फेस दारातून बाहेर येतो.

तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलं असेल तर मात्र प्लग काढलेलाच ठेवा, मेकॅनिकला बोलवा.