कॅसिनोला परवानगी: मतपत्रिकेवर प्रश्न आला तर होय की नाही?

आडवाट

कॅसिनो उघडू द्यायचा की नाही, हे काही ठिकाणी सरकार परस्पर ठरवून टाकतं. काही ठिकाणी मात्र प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो; अमेरिकेतल्या राज्यांत तर हे नेहमीचंच. अशी मतपत्रिका हातात पडली तर काय करावं, यावर इथल्या मंडळींची मतं हवी आहेत.

माझं आधी सांगून टाकतो. मी ‘नाही’वर शिक्का मारेन. जुगार पाप आहे वगैरे मला म्हणायचं नाही, पैसे लावून पत्ते मीही कुटले आहेत. माझी अडचण वेगळी आहे. मतपत्रिकेवर छापलेला प्रश्न आणि आपण ज्याला खरोखर होकार देतो ती गोष्ट, या दोन्ही सारख्या नसतात.

कोलोरॅडोचं उदाहरण घ्या. १९९० साली तिथल्या मतदारांनी ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक या तीन जुन्या खाणगावांत जुगाराला परवानगी दिली. कारण मोठं गोड होतं: पडायला आलेल्या ऐतिहासिक इमारती वाचवायच्या, करातला वाटा त्यासाठी राखून ठेवायचा. एका डावाला जास्तीत जास्त ५ डॉलर. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार? २००८ मध्ये पुन्हा मतदान होऊन मर्यादा १०० डॉलरपर्यंत न्यायची मुभा मिळाली. २०२० मध्ये तिसरं मतदान, आणि मर्यादा किती ठेवायची, ठेवायची की नाही, हे त्या गावांवरच सोडलं. १९९० साली कुणी विचारलं असतं की ‘बिनमर्यादेचा जुगार हवा का’, तर काय उत्तर आलं असतं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो तो असा.

हिशेबनीस

आडवाट, तीनही वेळा लोकांनीच मत दिलं ना? मग ‘काळ सोकावला’ कसं म्हणता? लोकांचा अनुभव वाईट असता तर दुसऱ्या वेळी त्यांनी पाडलं असतं.

मी होकार देईन, आणि माझं कारण डेट्रॉइट आहे. नदीपलीकडे कॅनडातलं विंडसर. तिथे १९९४ मध्ये कॅसिनो उघडला आणि डेट्रॉइटकर पूल ओलांडून रांगा लावायला लागले. पैसा यांचा, कर त्यांना. १९९६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी डेट्रॉइटमध्ये तीन कॅसिनोंना परवानगी दिली. पुढे २०१३ मध्ये शहर दिवाळखोरीत गेलं, तेव्हा त्याच्या हातात जी थोडी भरवशाची मिळकत उरली होती त्यात कॅसिनोचा कर होता. इतकी भरवशाची, की धनकोंनी तीच तारण म्हणून लिहून घेतली होती. लोक खेळणारच आहेत. पैसा कुणाच्या तिजोरीत पडू द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि हा विचार काही नवा नाही. कौटिल्याकडे द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. त्याने जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, जिंकलेल्या रकमेतले शंभराला पाच सरकारजमा करायचे, आणि दुसरीकडे कुणी खेळताना सापडला तर बारा पण (त्या काळचं नाणं) दंड. बंदी नाही, बंदोबस्त.

शंकासुर

‘शेजारी चालतो म्हणून आपणही’ यातली गंमत ही, की शेजारीही तेच म्हणत असतो.

अटलांटिक सिटी. न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७४ मध्ये राज्यभर कॅसिनो नको म्हणून सांगितलं. १९७६ मध्ये ‘बरं, फक्त या एका शहरात’ असं विचारलं, तेव्हा हो म्हणाले. १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. बराच काळ नेवाडा सोडलं तर अमेरिकेत दुसरीकडे कायदेशीर कॅसिनो नव्हतेच, त्यामुळे गर्दी लोटली. मग आजूबाजूच्या राज्यांनी तुमचाच हिशेब मांडला, की आपला पैसा तिकडे का जावा? पेन्सिल्वेनियाने उघडले, न्यूयॉर्कने उघडले. २०१४ या एका वर्षात अटलांटिक सिटीतल्या बारापैकी चार कॅसिनोंना टाळं लागलं. त्यातला एक तर जेमतेम दोन वर्षांपूर्वी उघडलेला, २४० कोटी डॉलर ओतून बांधलेला. २०१६ मध्ये शहराचा कारभार राज्याने हातात घेतला.

कॅसिनोचा फायदा एकट्याकडे असेपर्यंतच. सगळ्यांकडे झाला की गिऱ्हाईक घरचंच उरतं.

हिशेबनीस

चार बंद पडले तसे आठ चालू राहिले. शिवाय तिथला आठ टक्के कर ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांच्या योजनांसाठी राखलेला आहे, हे तुम्ही सोईस्कर गाळलंत. आणि २०१६ मध्ये त्याच राज्यात ‘उत्तरेकडेही कॅसिनो काढू का’ असं विचारलं, तेव्हा तीन चतुर्थांशांहून जास्त मतदारांनी नाही म्हटलं. म्हणजे लोक मेंढरं नाहीत. योग्य वेळी हो म्हणतात, योग्य वेळी नाही म्हणतात.

रात्रपाळी

मी एका कॅसिनोत सहा वर्षं डीलर होते, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारी. कुठे ते सांगत नाही. दोन्ही बाजूंना न पटणारं बोलणार आहे, सांभाळून घ्या.

आधी गणित. वर कराबद्दल बोलणं झालं, पण हा पैसा येतो कसा ते कुणी सांगितलं नाही. रूलेट म्हणजे चाक फिरवायचं आणि गोळी कुठल्या आकड्यावर थांबते त्यावर पैसे लावायचे. अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ घरं असतात: १ ते ३६, शिवाय शून्य आणि दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावलंत आणि लागला तर ३५ पट मिळतात. खरा भाव ३७ पट व्हायला हवा. हा दोनाचा फरक म्हणजे कॅसिनोचा वाटा, शंभरामागे ५.२६. ऐकायला किरकोळ वाटतो. गिऱ्हाईकही तेच म्हणतं, शंभरातले पाच गेले तर गेले, करमणूक झाली.

पण शंभर एकदा लावून कुणी उठत नाही. दर फेरीला १० लावले आणि तासात चाळीस फेऱ्या झाल्या, तर खिशातून शंभरच काढले असले तरी टेबलावर ४०० फिरले. त्यावर सरासरी तोटा २१. पाच तास बसलात तर शंभरातले शंभर संपले असं धरा. आम्हाला शिकवायचे ते हेच, हात चालता ठेवा. कुणाला फसवायचं नसतं. फेऱ्या वाढवायच्या असतात. स्लॉट मशिनला तर डीलरही लागत नाही, माणूस बटण दाबतो त्या वेगाने फेऱ्या होतात.

आता दुसरी गोष्ट. शनिवारी रात्री येणारी गर्दी आणि मंगळवारी दुपारी येणारी माणसं, ही वेगळी जमात असते. शनिवारवाले मित्रांबरोबर येतात, आरडाओरडा करतात, हरले तरी फोटो काढून जातात. मंगळवारवाले एकटे येतात, बोलत नाहीत. जिंकल्यावर त्यांच्या तोंडावर काही हलत नाही. मला त्यांची नावं पाठ झाली होती, आणि एखादा महिनाभर दिसला नाही तर बरं वाटायचं की काळजी, तेच कळायचं नाही. जाहिरातीत शनिवार दाखवतात. पगार मंगळवारातूनही निघतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० च्या अहवालात जुगारयंत्रांवरच्या एकूण खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा जुगाराची समस्या असलेल्यांचा धरला होता. मला तो वाचून धक्का बसला नाही.

तरी नोकरी चांगली होती. पगार वेळेवर, विमा, पदवी नसलेल्या माणसाला एवढं दुसरीकडे कुणी देत नव्हतं. घराचं कर्ज मी त्या टेबलावर उभी राहून फेडलं.

एकमत

रात्रपाळीताई, मनापासून लिहिलंत. पण चाळीस टक्के पैसा ज्यांचा, ते लोक किती? प्रौढांमध्ये साधारण एक टक्का, थोडं इकडे-तिकडे. एकासाठी नव्याण्णवांना बंदी? दारू, तंबाखू, कर्ज काढून केलेली लग्नं, सगळ्यांतच कुणी ना कुणी बुडतो. प्रौढ माणसाने स्वतःचा पैसा कसा उडवावा, हे शेजाऱ्याने मतदान करून का ठरवायचं?

शिवाय आता जुगार खिशातल्या फोनमध्ये आहे. इमारतीला निदान दार असतं, दारावर ओळखपत्र बघणारा माणूस असतो.

शंकासुर

एक टक्का लोकांकडून चाळीस टक्के पैसा येत असेल, तर तो एक टक्का धंद्याचा अपघात नाही. पाया आहे. असं दुसरं दुकान दाखवा.

उंबरठा

माझा थोरला भाऊ त्या एक टक्क्यातला. तपशील सांगत बसत नाही. आईचे दागिने, मग माझ्या नावावर काढलेलं कर्ज, मग तोंड चुकवणं. ज्यांच्या घरात झालंय त्यांना पुढचं माहीत आहे.

सगळ्यांना वाटेल मी ‘नाही’ म्हणेन. मी ‘हो’ म्हणेन, पण अटींवर. दादा जिथे खेळायचा तो अड्डा बेकायदेशीर होता. आम्ही कुणाकडे जाणार होतो? अड्डेवाल्याला सांगणार, की याला आत घेऊ नका? तोच उधारी द्यायचा.

सिंगापूरमध्ये २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले, दोनच. तिथे नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आत जायलाच शुल्क पडतं: आधी एका दिवसाचे १०० सिंगापूर डॉलर होते, २०१९ पासून १५०. पर्यटकाला काही नाही. आणि कुटुंबातलं माणूस अर्ज करू शकतं, की आमच्या याला प्रवेश बंद करा. मला त्या काळात असा एक अर्ज भरता आला असता तर मी तो रक्ताने सही करून दिला असता.

आडवाट

उंबरठा, तुमच्यापुढे वाद घालायला जीभ रेटत नाही, तरी एक म्हणतो. सिंगापूरने आपल्याच माणसांसाठी शुल्क ठेवलं. मोनॅको त्याच्याही पुढे, माँटे कार्लोच्या कॅसिनोत मोनॅकोच्या नागरिकांना खेळायलाच मनाई. मकावमध्ये डीलर आणि इतर कर्मचाऱ्यांना कामाची वेळ नसतानाही जुगाराच्या हॉलमध्ये जाता येत नाही. ज्यांना हा धंदा सर्वांत जवळून माहीत आहे, तेच आपली माणसं त्यापासून लांब ठेवतात. आणि मतपत्रिकेवर आपल्याला सांगतात काय, की ‘स्थानिकांना लाभ’.

तुमच्या अटी सरकारने लिहिल्या होत्या. मतदानाला येतो तो मसुदा बऱ्याचदा कॅसिनोवाल्यांनीच लिहिलेला असतो. ओहायोत मतदारांनी अनेकदा नाकारल्यावर २००९ मध्ये चार शहरांत चार कॅसिनोंना होकार मिळाला. राज्यघटनेतच दुरुस्ती, आणि त्या दुरुस्तीत कॅसिनोच्या जमिनीचे तुकडे नेमून दिलेले! म्हणजे त्या जागांचे मालक सोडून दुसऱ्या कुणाला दारच नाही. कोलंबसमधली जागा बदलायची ठरली, तर २०१० मध्ये पुन्हा सगळ्या राज्याला मतदानाला उभं केलं. घटनेत सातबारा लिहिल्यावर दुसरं काय होणार?

हिशेबनीस

ओहायोचा मसुदा वाईट होता, मान्य. पण त्याच मसुद्यात ३३ टक्के कर होता, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा काउंट्यांना (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना), ३४ टक्के शाळांना, आणि दोन टक्के व्यसनाच्या उपचारांना.

शंकासुर

दोन टक्के. वाचून झालं.

आणि ‘नाही’ म्हटल्यावर तरी सुटका आहे का? व्हर्जिनियातल्या रिचमंडने २०२१ मध्ये थोडक्या मतांनी नकार दिला. २०२३ मध्ये तोच प्रश्न परत. या वेळी नकार आणखी मोठा आला, पण विचारणाऱ्याला फक्त एकदाच जिंकावं लागतं, आपल्याला दर वेळी.

एकमत

उलटंही होतं. मॅसेच्युसेट्समध्ये २०११ साली कायदा झाला आणि २०१४ मध्ये तो रद्द करायचा का यावर मतदान घेतलं. साठ टक्के लोकांनी ठेवा म्हटलं. हो म्हटल्यावर परतीची वाट नसते, असं नाही.

आडवाट

तेव्हा तिथे एकही कॅसिनो उघडलेला नव्हता, एकमत. परतीची वाट खरी ती, जी इमारत उभी राहिल्यावरही चालू असते. प्रवेशशुल्क, घरच्यांचा अर्ज, आणि दहा वर्षांनी फेरमतदान, या तीन अटी मसुद्यातच असतील तर मी शिक्का हातात धरून पुन्हा विचार करेन. असा मसुदा लिहून देणारा कॅसिनोवाला मात्र मला दाखवा.

उंबरठा

फेरमतदान नको म्हणत नाही मी. पण घरच्यांचा अर्ज आधी. दहा वर्षं थांबायला कुणाकडे वेळ नसतो.

रात्रपाळी

फेरमतदानाबद्दल एक सांगू का? त्या दहा वर्षांत माझ्यासारखी किती माणसं त्या इमारतीत कामाला लागलेली असतील. मी मंगळवारची माणसं रोज डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि तरीही कर्जाचे हप्ते चालू असताना मला विचारलं असतंत, तर मी ‘ठेवा’वरच शिक्का मारला असता.