चर्चा: मॉरिशसमधले पालक शाळेत क्रेओल नको म्हणतात. त्यांचं चुकतं का?

दर्यावर्दी
मॉरिशसच्या 2022 च्या जनगणनेत सुमारे 90 टक्के लोकांनी घरची भाषा क्रेओल सांगितली. क्रेओल म्हणजे दोन-तीन भाषांच्या सरमिसळीतून घडलेली भाषा, मॉरिशसच्या क्रेओलमधले बहुतेक शब्द फ्रेंचमधून आलेले. तरी प्राथमिक शाळेत ती विषय म्हणून आली 2012 साली, आणि तीही ऐच्छिक. पुस्तकं इंग्रजीत असतात, पण गणित उमगत नाही म्हटल्यावर शिक्षक क्रेओलमध्येच समजावतात.

खरी मेख वेळापत्रकात आहे. क्रेओलची तासिका हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी आणि चिनी यांच्याच वेळेला ठेवली आहे. पहिलीत प्रवेश घेताना यांतली एक निवडायची. कोकणातून एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलेल्यांच्या कितीतरी घरांत आज मराठी गणपती, भजन आणि आडनावांपुरती उरली आहे, बोलणं क्रेओलमध्ये. अशा घराने क्रेओल निवडली की मराठीचं एक मूल कमी झालं. मग आईवडील मराठी निवडतात आणि लोक म्हणतात, ‘पालकांना क्रेओलची लाज वाटते.’ माझ्या मते पालकांना विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे.

खडूफळा
वेळापत्रक बदललं तरी पालक नाहीच म्हणतील, आणि त्यांचा हिशोब बरोबर आहे. माध्यमिकच्या शेवटी केंब्रिजची परीक्षा असते, तिचे पेपर इंग्रजीत. वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच. क्रेओल मूल अंगणात शिकतंच, त्यासाठी शाळेचा तास कशाला घालवायचा?

शिवाय लिहिताना घोळ होतो. शाळेला दोन्ही भाषांत ‘लेकोल’च म्हणतात, पण क्रेओलमध्ये तो ‘के’ने लिहायचा आणि फ्रेंचमध्ये ‘सी’ने, वर ॲपॉस्ट्रॉफी. सहा वर्षांच्या पोराला एकाच उच्चाराची दोन स्पेलिंगं द्यायची?

शब्दवेल्हाळ
खडूफळा, घोळ होतो हे खरं. पण तो क्रेओल शिकवल्यामुळे होत नाही, घरी बोलल्यामुळे होतो. ‘माझी शाळा’ क्रेओलमध्ये ‘मो लेकोल’. फ्रेंचमध्ये तो ‘ल’ गळतो आणि ‘मोनेकोल’ होतं. क्रेओलचा तास न घेतलेलं मूलही फ्रेंच निबंधात तो ‘ल’ ठेवतंच. क्रियापदाचंही तसंच. ‘मो ती मांज़े’ म्हणजे मी खाल्लं, ‘मो पे मांज़े’ खातोय, ‘मो पू मांज़े’ खाईन. ‘मांज़े’ जागचं हलत नाही, पुढचा शब्द तेवढा बदलतो. फ्रेंचमध्ये क्रियापदच रूप पालटतं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहिली तर हा फरक मुलाला डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी क्रेओल लिहिता आली पाहिजे.

शिकवायचा क्रम असा ठेवता येतो. आधी नुसतं बोलणं आणि गोष्टी. मग एक ध्वनी, एक खूण अशी क्रेओल अक्षरं. 2011 च्या अधिकृत शुद्धलेखनात नाकातला ‘आँ’ एका ‘एन’ने लिहितात आणि स्पष्ट ‘आन’ दोन ‘एन’नी, त्यामुळे ‘काँ’ म्हणजे जेव्हा आणि ‘कान’ म्हणजे ऊस यांत गल्लत होत नाही. मूल न अडखळता वाचू लागलं की मगच फ्रेंच लिपीकडे वळायचं. तिथे ‘ओ’ हा एकच उच्चार ‘ओ’, ‘ए-यू’ आणि ‘ई-ए-यू’ असा तीन तऱ्हांनी लिहितात. दोन्ही भाषांचं लेखन एकाच महिन्यात सुरू केलं की गाडं अडतं, आणि दोष क्रेओलच्या माथी येतो.

घाटमाथा
कागदावर छान आहे. पापुआ न्यू गिनीत 1990च्या दशकात टोक पिसिन (तिथली इंग्रजी शब्दांवर घडलेली क्रेओल) आणि स्थानिक भाषांतून सुरुवातीचे वर्ग चालू केले. पुस्तकं तुटपुंजी, शिक्षकांची तयारी अपुरी, आणि इंग्रजीकडे वळायच्या टप्प्यावर मुलं अडखळू लागली. पालकांची ओरड वाढली आणि 2013 मध्ये सरकारने पुन्हा इंग्रजी आणली. हैतीत 1979 च्या सुधारणेने तिथली क्रेओल शाळेचं माध्यम केली, पण श्रीमंतांच्या खासगी शाळा फ्रेंचमध्येच राहिल्या. गरीब पालकांना वाटलं, आपल्या पोरांना खालीच ठेवायचा डाव आहे. त्यांना अडाणी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

दर्यावर्दी
घाटमाथा, हैतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. काहींच्याच वाट्याला आलेली भाषा गरिबांची ठरते. मॉरिशसमध्ये 2005 च्या सुमारास कॅथलिक शिक्षण संस्थेने प्राथमिकची परीक्षा नापास झालेल्या मुलांच्या वर्गांत क्रेओल माध्यम आणलं. काम मोलाचं होतं. पण ‘क्रेओल म्हणजे नापासांची’ असा शिक्का पालकांच्या मनात बसला तर नवल नाही. सेशेल्सने 1982 मध्ये पहिलीपासून सगळ्याच सरकारी शाळांत आपली क्रेओल आणली. तिथे कुणाचं मूल वेगळ्या रांगेत उभं राहिलं नाही.

खडूफळा
सेशेल्समध्ये तेव्हा एकपक्षीय राजवट होती. पालकांना विचारलं कुणी? लोकशाहीत एवढं सोपं नसतं. मॉरिशसमध्ये तर क्रेओलला हिंदी, मराठीसारख्या पूर्वजांच्या भाषांच्या रांगेत बसवल्यामुळे ती आफ्रिकी वंशाच्या समाजाची ठरली, आणि भारतीय वंशाच्या घरांना ती ‘त्यांची’ वाटू लागली. हे मला मनापासून खटकतं, कारण बोलतात तर सगळेच.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच तिला त्या रांगेतून उठवा. 1957 च्या शिक्षण कायद्यानुसार तिसरीपर्यंत मंत्र्यांना मुलांसाठी योग्य वाटेल ती भाषा माध्यम म्हणून वापरता येते, इंग्रजीची सक्ती चौथीपासून आहे. पहिल्या तीन वर्षांत गणित आणि परिसर क्रेओलमधून शिकवा आणि मराठीची तासिका आहे तिथेच ठेवा. पालकसभेत ‘क्रेओल हवी का?’ असं विचारू नका. तिसरीचं एकच शाब्दिक उदाहरण आधी इंग्रजीत आणि मग क्रेओलमध्ये मुलांना त्यांच्यासमोर सोडवायला द्या. मग विचारा.

(आपल्याकडेही हा प्रश्न आहे. रायगडमधल्या कोर्लईत पोर्तुगीज क्रेओल बोलतात. तिथल्या शाळेत मराठी आली, चर्चमध्येही मराठी आली, आणि गावची बोली घराच्या उंबऱ्याआत राहिली. मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी त्याचाही विचार करावा.)

खडूफळा
गणित क्रेओलमधून, मराठी जागेवर, याला माझी हरकत नाही. पण चौथीत पुस्तक इंग्रजी होणार ते एका रात्रीत नको. दुसरीपासूनच प्रत्येक धड्यातले दहाएक शब्द दोन्ही भाषांत वहीत उतरवून घ्या, आणि तिसरीच्या शेवटच्या सत्रात प्रश्न इंग्रजीत, उत्तर क्रेओलमध्ये असे पेपर घ्या. ते छापून हातात आले, तर पालकांसमोर तुमच्या बाजूने मी बोलेन. तोवर माझं मत ‘नाही’च.